साखळी-करवतीचे एंजिन सुरू का होत नाही?

१२ डिसेंबर २०१६ रोजी दुपारी 'वरदा' नावाचे चक्रीवादळ चेन्नई नगराजवळ किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने अवघ्या काही तासांत नगरातील हजारो वृक्ष उन्मळून पाडले. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान, भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे हिरवेगार आवार, वंडलूर येथील प्राणिसंग्रहालय, इतकेच नव्हे तर साध्या गल्लीबोळांतील पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहरही या तडाख्यातून सुटले नाहीत. विजेच्या तारा तुटल्या, रस्ते अडले. आडव्या पडलेल्या खोडाच्या अलीकडे रुग्णवाहिका आणि पलीकडे रुग्णालय अशी स्थिती आली म्हणजे नगराला सर्वांत आधी कशाची गरज भासते? ती खोड कापून बाजूला करणाऱ्या हत्याराची.

हे हत्यार म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत होय. अग्निशमन दल, महापालिकेचे कामगार आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल हे सर्व तिच्यावरच विसंबून असतात. हाताच्या करवतीने दोन माणसांना तासभर झुंजावे लागेल असे खोड ती काही मिनिटांत दुभंगते. परंतु तिच्या ठायी एक उणेही आहे. वर्षातील बहुतेक दिवस तिला काम नसते. आणि ज्या दिवशी काम असते, त्या दिवशी ते तात्काळ व्हावे लागते. चेन्नईस पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो आणि वादळेही प्रायः याच सुमारास येतात. म्हणजे जानेवारीत कोठीत ठेवलेली करवत पुष्कळदा नऊ-दहा महिन्यांनीच बाहेर निघते. कामगार दोरी ओढतो. एंजिन फुरफुरते, गप्प होते. तो पुन्हा ओढतो. वीस वेळा, तीस वेळा ओढून त्याचा खांदा भरून येतो, पण यंत्र हलत नाही.

अशा वेळी आणखी जोराने दोरी ओढल्याने बहुधा काहीच साधत नाही, उलट दोष वाढतो. जे साधते ते शांतपणे व क्रमाने केलेल्या तपासणीने. हा क्रम समजण्यासाठी प्रथम एंजिनाची रचना पाहिली पाहिजे.

एंजिनाच्या तीन गरजा

साखळी-करवतीचे एंजिन दोन धावांचे असते. कारागीर त्याला टू-स्ट्रोक म्हणतात. जुन्या बजाज स्कूटरींत किंवा १९८० साली तमिळनाडूतील होसूर येथे तयार होऊ लागलेल्या टीव्हीएस-५० या छोट्या दुचाकीत जे एंजिन असे, त्याच जातीचे हे एक चपळ भावंड आहे. दट्ट्या वर जाताना सिलिंडरातील मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या बंद पेटीत नवे मिश्रण शोषले जाते. ठिणगी पडते, मिश्रण भडकते व दट्ट्या खाली ढकलला जातो. खाली येता येता तो धुराचे द्वार उघडतो आणि पेटीतील नवे मिश्रण बाजूच्या वाटेने वर लोटतो. झडपांची गुंतागुंत येथे नाही. त्यामुळे एंजिन हलके होते. १९२९ साली जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी पेट्रोलवर चालणारी जी वृक्षतोड-करवत बाजारात आणली, तिचे वजन ४६ किलोग्रॅम होते आणि ती धरण्यास दोन माणसे लागत. आजची मध्यम करवत एकटा माणूस सहज उचलतो.

अशा एंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी हव्यात : हवा आणि इंधन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. या तिन्ही असतील तर एंजिनाला सुरू न होण्यास कारणच उरत नाही. यांपैकी एक जरी नसेल, तरी उरलेल्या दोन कितीही उत्तम असल्या तरी उपयोग नाही. म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न 'काय मोडले आहे' असा नसून 'या तिहींपैकी काय नाही' असा असावा लागतो.

पहिला संशय चालविणाऱ्यावर

यंत्र उघडण्यापूर्वी ते सुरू करण्याची रीत बरोबर होती की नाही, हे पाहणे इष्ट. बंद करण्याचे बटण 'बंद' या जागीच राहिले होते, टाकीत इंधनच नव्हते, अशा क्षुल्लक कारणांनी तास-तास वाया गेल्याची उदाहरणे प्रत्येक कार्यशाळेत ऐकावयास मिळतात.

यानंतर येतो चोक. थंड एंजिनात पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही. म्हणून चोकची झडप लावून हवा कमी आणि इंधन अधिक असे गडद मिश्रण तात्पुरते दिले जाते. दोरी ओढता ओढता एंजिन एकदा 'फट्' असा आवाज करते. तो आवाज म्हणजे मिश्रण पेटण्याजोगे झाल्याची खूण होय. येथे चोक अर्धा किंवा पूर्ण उघडावयाचा असतो. आजूबाजूच्या गलबल्यात तो आवाज ऐकूच आला नाही आणि चोक लावलेलाच ठेवून दोरी ओढणे चालू राहिले, तर इंधन आत साचत जाते, ठिणगी-प्लग भिजतो आणि ठिणगी पडणे बंद होते. कारागीर म्हणतात, एंजिन 'ओव्हर' झाले. चेन्नईच्या उष्ण हवेत ही चूक विशेष संभवते. कारण तेथे डिसेंबरातही कडक थंडी नसते, आणि थोड्या वेळापूर्वी चाललेल्या गरम एंजिनाला तर चोकची गरज बहुधा नसतेच.

उपाय सोपा आहे. बटण बंद करावे, प्लग काढून पुसून कोरडा करावा, करवत अशी धरावी की प्लगचे छिद्र माणसापासून दूर राहील, आणि दोरी सात-आठ वेळा ओढून आतील जादा इंधन बाहेर फेकून द्यावे. सांडलेले पेट्रोल वाळू द्यावे. मग प्लग बसवून, बटण चालू करून, चोक पूर्ण उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. पुष्कळ करवती येथेच सुरू होतात.

प्लगची साक्ष

इतके करूनही यंत्र गप्प राहिले, तर पुन्हा प्लग काढावा आणि त्याचे टोक नीट निरखावे. सिलिंडराच्या आत डोकावून आलेला हा एकमेव साक्षीदार आहे. टोक ओले असेल तर इंधन तेथवर पोचते आहे, संशय ठिणगीवर जातो. टोक कोरडे असेल तर इंधनाची वाट अडली असावी. टोकावर काजळी साचली असेल तर मिश्रण गडद आहे, तेल जास्त आहे किंवा हवेची गाळणी चोंदली आहे. दोन टोकांमधील अंतर बहुतेक करवतींत सुमारे अर्धा मिलिमीटर असते. ते काजळीने बुजले असेल तर ठिणगीला उडण्यास जागाच उरत नाही.

प्लग कोरडा निघाला तर एक साधी कसोटी घेता येते. प्लगच्या छिद्रातून तेलमिश्रित पेट्रोलचे चार-सहा थेंब सिलिंडरात सोडावे, प्लग बसवावा आणि दोरी ओढावी. एंजिन दोन-चार ठोके चालून थांबले तर ठिणगी आणि दाब ठीक आहेत, दोष केवळ इंधन आणणाऱ्या मार्गात आहे. एकही ठोका पडला नाही तर इंधनाचा मार्ग तूर्त बाजूला ठेवून ठिणगी आणि दाब यांकडे वळावे. एवढ्याशा प्रयोगाने संशयाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

ठिणगी कोठून येते?

करवतीत विद्युत्घट नसतो. तरीही दहा हजार व्होल्टहून अधिक दाबाची ठिणगी निर्माण होते, ती मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या नियमाने. एंजिनाच्या प्रचक्रात चुंबक बसविलेले असतात. दोरी ओढल्यावर ते चुंबक एका स्थिर वेटोळ्याजवळून वेगाने सरकतात, वेटोळ्यात प्रवाह उपजतो; तो योग्य क्षणी खंडित झाला की शेजारच्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड विद्युत्दाब उत्पन्न होतो. उच्च दाबाचे असे मॅग्नेटो-यंत्र १९०२ च्या सुमारास बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी व्यवहारोपयोगी केले. मिनिटास बारा हजार फेऱ्या घेणाऱ्या करवतीत ते आज सेकंदाला दोनशे ठिणग्या बिनबोभाट पुरविते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत घट्ट बसवून त्याची धातूची बाजू एंजिनाच्या धातूस टेकवावी आणि सावलीत दोरी ओढावी. प्लग हातात न धरता विद्युत्-रोधक मुठीच्या पकडीने धरावा. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचे तुषार उडत असतात, म्हणून ही परीक्षा छिद्रापासून आणि सांडलेल्या इंधनापासून दूरच घेतली पाहिजे. निळसर, स्पष्ट ठिणगी दिसली तर उत्तम. तथापि उघड्या हवेत पडणारी ठिणगी दाबलेल्या मिश्रणात पडेलच असे नाही, कारण दाब वाढला की ती उडविण्यास अधिक विद्युत्दाब लागतो. म्हणून संशय असेल तेथे नवा प्लग लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

ठिणगी मुळीच नसेल तर लगेच वेटोळे बदलू नये. बंद करण्याच्या बटणाची तार ही वेटोळ्यातील प्रवाह एंजिनाच्या अंगात उतरवून ठिणगी मारण्यासाठीच असते. कंपनांनी तिचे वेष्टण घासले आणि तार धातूला टेकली, तर बटण चालू असूनही यंत्राच्या दृष्टीने ते कायमचे बंदच राहते. ती तार क्षणभर सोडवून परीक्षा घ्यावी. ठिणगी परतली तर चार पैशांच्या वेष्टणात दोष होता. न परतल्यास प्रचक्र आणि वेटोळे यांमधील फट तपासावी. ती जाड कार्डाएवढी, म्हणजे सुमारे तीन-दशांश मिलिमीटर असते. तेथे गंज चढला असल्यास तो पुसून काढावा.

नऊ महिन्यांचे पेट्रोल

दीर्घकाळ पडून राहिलेल्या करवतीत मात्र गुन्हेगार बहुधा इंधनच असते. पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके, चटकन उडून जाणारे घटकच थंड एंजिन पेटवीत असतात. टाकीत महिनोन्महिने राहिल्यावर हेच घटक आधी निघून जातात. उरलेल्या भागाचे हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि कार्बुरेटरची सुईएवढी छिद्रे बुजतात. अशा पेट्रोलचा वास रोगणासारखा येतो.

यात इथेनॉलची भर पडली आहे. देशातील पेट्रोलात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली गाठले गेले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. लहान एंजिनांच्या अनेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलची मर्यादा सांगितलेली असते, म्हणून पुस्तिका पाहणे अगत्याचे. इथेनॉल पाण्याचे लोभी आहे. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेतील बाष्प ते हळूहळू ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्रच पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसतात. इंधन शोषणारी नळीही तळाशीच असते. परिणामी एंजिनाच्या वाट्यास जो द्रव येतो त्यात पेट्रोल थोडे आणि वंगणाचे तेल तर जवळजवळ नसतेच. एंजिन सुरू झाले नाही तर बरे म्हणावे, कारण सुरू झालेच तर वंगणाविना त्याचा दट्ट्या खरवडला जाईल.

परीक्षा अगदी घरगुती आहे. टाकीतील इंधन काचेच्या बाटलीत ओतून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, रंग गढूळ वाटला किंवा वास बदललेला असला तर ते टाकून द्यावे, मात्र गटारात नव्हे. त्यात ताजे पेट्रोल मिसळून काम भागविण्याचा मोह टाळावा. नवे मिश्रण पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच करावे. ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल असे प्रमाण असल्यास एका लिटरला २० मिलिलिटर तेल लागते. नुसते पेट्रोल घालणे हा एंजिनाचा वधच होय.

उलटी धरली तरी चालणारी

इंधन ताजे असून प्लग कोरडाच राहत असेल तर मार्ग तपासावा. टाकीतील नळीच्या टोकाशी एक लहान गाळणी असते. ती भुश्शाने किंवा राळेने भरते. नळीला भेग पडली तर इंधनाऐवजी हवा ओढली जाते. टाकीत हवा येण्याचे बारीक छिद्र बुजले तर एंजिन सुरू होऊन काही मिनिटांत मरते; झाकण किंचित सैल केल्यावर ते पुन्हा चालू लागले तर दोष तेथेच आहे असे समजावे.

यापुढे कार्बुरेटर. जुन्या स्कूटरी रुसल्या की त्या कलत्या करून मग किक मारण्याची रीत महाराष्ट्रातील एका पिढीस चांगली स्मरत असेल. कलती केल्याने कार्बुरेटरच्या वाटीतील इंधन हवेच्या वाटेत उतरे आणि मिश्रण गडद होई. ही युक्ती साखळी-करवतीस लागू पडत नाही, कारण तिच्यात तशी वाटीच नाही. झाडावर आडवी-उभी, प्रसंगी उलटी धरावी लागणारी ही करवत गुरुत्वाकर्षणावर विसंबून कशी राहील? तिच्या कार्बुरेटरात लवचिक पडदे असतात. खालच्या पेटीतील दाबाच्या चढउतारांनी एक पडदा थरथरतो आणि पंपाप्रमाणे इंधन ओढतो. दुसरा पडदा गरजेपुरतेच इंधन आत सोडतो. जुन्या इंधनाने हे पडदे ताठरले की एंजिनाला घोटभरही मिळत नाही. चेन्नईत जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी पुदुपेट्टै ही वस्ती प्रसिद्ध आहे. परंतु कार्बुरेटरचे पडदे जुने घेऊ नयेत, ते त्याच नमुन्याचे आणि नवेच हवेत. कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून नशीब अजमावणे तर सर्वस्वी वर्ज्य. काल चालणाऱ्या यंत्राचे स्क्रू रात्रीतून आपोआप फिरत नसतात.

हवा, धूर आणि दाब

हवेची गाळणी पावसाने भिजली किंवा लाकडाच्या पिठाने भरली तर मिश्रण गडद होते. ती झटकून, आवश्यक तर धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर सायलेन्सरात बारीक जाळी असते. ती काजळीने बंद झाली तर जुना धूर निघत नाही आणि नव्या मिश्रणास आत येण्यास जागा राहत नाही. कोठीतील करवतीत तर कधी कधी कुंभारमाशीने मातीचे घरटेही बांधलेले असते.

राहिला दाब. प्लग घट्ट बसवून, बटण बंद ठेवून, करवत ओढ-दोरीच्या मुठीने हळूच उचलावी. निरोगी एंजिन दाबामुळे अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. करवत सरळ घसरत आली, दोरी हातास पोकळ लागली, तर दट्ट्या, त्याची कडी किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. याची दुरुस्ती रस्त्यावर होत नाही. अशी करवत बाजूला ठेवून दुसरी घ्यावी आणि ही कार्यशाळेत पाठवावी. तपासणी कोठे थांबवावी हे समजणे, हाही तपासणीचाच भाग होय.

वादळापूर्वीचे काम

वरील क्रम पाहता एक गोष्ट ध्यानी येईल. भिजलेला प्लग सोडला तर यांतील बहुतेक दोष वादळाच्या दिवशी उपजलेले नसतात. ते कोठीत, महिनोन्महिने, कोणाच्याही नकळत वाढत असतात. म्हणून खरा उपायही कोठीतच व्हावयास हवा. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि आत उरलेले इंधन संपेपर्यंत एंजिन चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटरही कोरडा होतो. मिसळलेले इंधन महिन्याहून अधिक ठेवू नये आणि डब्यावर मिसळल्याची तारीख लिहावी. गाळणी साफ करावी, एक नवा प्लग आणि पडद्यांचा एक संच करवतीबरोबरच बांधून ठेवावा. पावसाळा येण्यापूर्वी, चेन्नईत सप्टेंबरअखेर, प्रत्येक करवत एकदा सुरू करून पाहावी. साखळीचा ब्रेक लावलेला असावा, करवत जमिनीवर टेकवून पायाने दाबलेली असावी, आणि इंधन भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊनच दोरी ओढावी. एका हातात लोंबकळती करवत धरून झटक्याने सुरू करण्याची फुशारकी अनेकांना महाग पडली आहे.

हे चेन्नईपुरतेच खरे नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. पुढील वर्षीच्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळाने मुंबईतील वृक्ष रस्त्यांवर आणले. कोकणपट्टीस ही सिद्धता एप्रिलअखेर करावी लागेल, एवढाच फरक. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी चेन्नईनजीक अरक्कोणम येथे असते, दुसरी पुण्याजवळ. परंतु कोणतेही दल प्रत्येक गल्लीत पहिल्या तासात पोचू शकत नाही. तेथे गावची, वाडीची, शाळेची करवतच उपयोगी पडते.

ती सुरू झाली नाही, तर गोंधळून न जाता बटण, इंधन, चोक, प्लग, ठिणगी, इंधनाचा मार्ग, हवा, धूर आणि दाब या क्रमाने जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू होईलही, पण दोष कोणता होता हे कळणार नाही, आणि पुढील वादळात तोच दोष पुन्हा भेटेल. दोष सापडल्यावर तो कोठीतील वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी दोरी ओढणारा हात दुसऱ्याच कोणाचा असण्याचा संभव असतो.